माझ्याही पट्टीवर एकच रेघ

काल संध्याकाळपर्यंत हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही. आणि आता लिहितोय ते मन हलकं व्हावं म्हणून नाही — ते जड आहे, तसंच असू दे.

जयपूरला, सोडाल्यात, नशा करणाऱ्यांसाठी आमचं छोटं सेंटर आहे. मी तिथला डॉक्टर. आम्ही स्वच्छ सुया देतो, जखमा बांधतो, ‘सोडलीस का?’ असं कुणाला विचारत नाही. आवारात स्मॅक, म्हणजे अफूपासून बनणारी गर्द, ओढायची नाही, अशी पाटी भिंतीवर आहे. पण लोक बाथरूममध्ये पन्नीवर, म्हणजे चांदीच्या कागदावर जाळून, ओढतात, हे आम्हाला माहीत असतं. हाकलून दिलं तर रुळांकडे जातात. तिथे कुणी निपचित पडला, तर बघणार कोण? म्हणून दारावर थाप मारायची, नावाने हाक मारायची. आतून ओ आली नाही, तर आत शिरायचं. याला कुणी गुन्हा म्हणत असेल तर म्हणो. मी आजही तेच करतो, उद्याही करेन.

दारावर थाप मारायचं काम मंजूचं. कधीकाळी ती स्वतः ओढायची, मग सोडली — कायमची. म्हणून तर लोक तिचं ऐकत. ‘ए हीरो, ज़िंदा है कि मैं अंदर आऊँ?’ आतून हसू आलं, की बाहेर आमचा जीव भांड्यात पडायचा.

शेजाऱ्यांनी वासाची तक्रार केली, तेव्हा बाथरूमचा पंखा काढून तिथे पत्रा ठोकायला सांगितलं — मीच. धूर आतच कोंडायला लागला. पुढे मंजूचं डोकं दुखायला लागलं, तिला मळमळायला लागलं. जळक्या पन्न्याही ती उघड्या हातांनी गोळा करायची. ‘ऊन लागलं असेल,’ मी म्हणालो. डॉक्टर ना मी?

मग लघवीची तपासणी झाली — जे पूर्वी नशा करत होते, फक्त त्याच कर्मचाऱ्यांची. पट्टीवर दोन रेघा आल्या तर ठीक. मंजूच्या पट्टीवर एकच आली. म्हणजे अंगात अफूच्या जातीचं काहीतरी आहे. सगळ्यांनी एकच अर्थ काढला. ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, ‘डॉक्टरसाब, आप तो जानते हो।’

जाणत होतो का मी? — इथेच मी इतकी वर्षं अडखळतो. त्या आठवड्यात निम्म्या वेळा दार मीच ठोठावलं होतं, आत शिरून माणसं बाहेर ओढली होती. सगळे गेल्यावर दार लावलं आणि तसलीच पट्टी स्वतःवर वापरली. मी आयुष्यात विडी ओढलेली नाही. खोकल्याचं औषध घेतलं नव्हतं, खसखस लावलेला अनारसा खाल्ला नव्हता.

एकच रेघ.

ती पट्टी मी कचऱ्यात टाकली आणि घरी जाऊन जेवलो. सेंटरच्या समितीने मंजूला कामावरून काढलं, तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. बोललो असतो तर सेंटर बंद पडलं असतं — असं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. डॉक्टरच्या नावापुढे अफू लागेल, याची मला भीती होती. आणि नंतर? गुपचूप पत्रा काढला, पंखा बसवला, हातमोजे आणले, मास्क आणले. कारण कुणी विचारलं नाही.

आता कुणी म्हणेल — बघा, असली सेंटरं बंदच करायला हवीत. मुळीच नाही. माझ्या भित्रेपणाचं बिल त्या लोकांच्या नावावर फाडू नका. पंखा एका दुपारी बसला. भ्याडपणा मी केला, सेंटरने नाही.

काल मुरलीपुऱ्याला मंजूच्या भावाकडे गेलो. ती त्याच्याच घरी राहते, शिवणकामाला जाते. ती आली, मला पाहून थबकली, आणि झोला उघडून तिने भावापुढे धरला — रोज धरत असावी तसा. त्याने आत हात घालून पुडी आहे का ते चाचपलं. ‘जा,’ म्हणाला.

मी तिला थांबवलं आणि दोघांसमोर सगळं सांगितलं. पत्रा, पट्टी, रेघ.

‘उसी दिन पता था?’ मंजूने विचारलं.

‘उसी दिन,’ मी म्हणालो.