तिसरा नियम

"वाच. सगळ्यांसमोर वाच. अन् मग पुसून टाक."

अण्णा मला म्हणाले. उदगीरला त्यांच्या आडत दुकानात बैठक भरली होती. उदगीर हा नवा जिल्हा झाला पाहिजे, अशी मागणी करणाऱ्या समितीची. चाळीसेक माणसं गादीवर. मी कोपऱ्यात स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप. त्या खोलीत मी एकटीच बाई. आणि एकटीच बौद्ध.

समितीचा ऑनलाइन चर्चेचा फोरम मी चालवत होते. त्यावर सकाळी आलेलं एक लिखाण मी वाचायला लागले.

"टँकर गावच्या आडात रिकामा होतो. आडावर आमाला पोहरा टाकू देत न्हाईत. ते शेंदतात अन् वरून आमच्या घागरीत ओततात. आमच्या वस्तीत प्लास्टिकची टाकी हाय. टँकरचा पाइप तिथवर येतो. मंग टँकर तिथं का थांबत न्हाई?"

"आपण जिल्हा मागायलो का टाकी?" कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"तिसरा नियम काय हाय?" अण्णांनी विचारलं.

"जातीचा विषय काढायचा नाही."

"कुणी लिवला?"

"मी."

"मंग पूस."

मी पुसलं. ते लिहिणारी माझी वहिनी होती. सख्ख्या भावाची बायको. तिथं बसलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं, म्हणून तर वाचायला लावलं. मान खाली घालून मी बटण दाबलं. चहा आला. मी तो प्यालेसुद्धा.

हे आज सांगते, कारण परवा कॉलेजातली काही मुलं आली होती. "ताई, ऑनलाइन फोरम कसा चालवायचा, चार टिपा द्या." चार कशाला, चाळीस देईन. पण आधी हे ऐका म्हटलं.

दुष्काळ होता. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि आमच्याकडं, जळकोटच्या बाजूला, टँकर. माझं जळकोटात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं, अण्णांच्याच गाळ्यात. अण्णा आमच्याच गावचे. धंदा उदगीरला, पण गावात टँकर कुठं रिकामा व्हायचा ते त्यांच्या शब्दावर ठरायचं. ते म्हणाले, जिल्ह्यासाठी लोकांनी ऑनलाइन बोललं पाहिजे, तू कर. मी केलं.

रिकाम्या पारावर कोणी येऊन बसत नाही. फोरमचं तसंच. पहिले दोन महिने मीच प्रश्न टाकायची, मीच फोन करकरून लोकांना उत्तरं लिहायला लावायची. टँकरची चर्चा वेगळी, जिल्ह्याची वेगळी, अशा खोल्या पाडल्या. कोणी शिवी दिली तर चारचौघांत न झापता आधी एकट्याला निरोप धाडायची. बायकांना मराठी टाइप करायला शिकवलं. वहिनीलाही मीच शिकवलं. पार औशापासूनचे लोक लिहायला लागले. आमचा फोरम गाजत होता.

नियम सात. सातही माझे. तिसरा का लिहिला? भांडणं नकोत म्हणून, असं मी सांगायची. खरं सांगू? अण्णांना बरं वाटावं म्हणून. ते चारचौघांत म्हणायचे, "आपली पोरगी हाय, लई हुशार." 'आपली' या एका शब्दावर मी वर्षभर हवेत होते. आपल्याला कधी असं कोणी म्हणालं नव्हतं ना.

त्या बैठकीच्या दिवशी काळीपिवळी जीपनं गावात परत आले. वहिनी आडापासून चार हात लांब उभी होती, रिकामी घागर घेऊन. वरून कोणी ओतेल याची वाट बघत. मला बघून जवळ आली.

"वन्सं, माझं लिवलेलं दिसंना. नेट गेलं का?"

"हाव," मी म्हणाले. "नेट गेलंय."

आडावरचा अपमान त्यांनी केला होता. हा मी केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात बसले होते. फोरमवर काहीतरी आलं. वहिनी. तिनं सगळं पुन्हा लिहिलं होतं. शब्द न् शब्द. नेट गेल्यानं हरवलं असेल, म्हणून. एकेक अक्षर शोधत लिहिते ती. अख्खी सकाळ गेली असणार. माझ्यासमोर दोन बटणं. ठेवा. हटवा.

बोट उचलेना. ठेवायचा धीर नव्हता, हटवायची लाज वाटत होती. काहीतरी करायचं म्हणून मी अडगळ उघडली. हटवलेलं लिखाण फोरमवर नष्ट होत नाही, एका बंद खोलीत जाऊन पडतं. ती खोली फक्त चालवणाऱ्याला दिसते. मी तिला अडगळ नाव दिलं होतं. इतक्या महिन्यांत कधी आत डोकावले नव्हते.

तिसऱ्या नियमाखाली काढलेलं एकेक वाचत गेले. स्मशानाच्या रस्त्याचं. शाळेत पोरांना वेगळं पाणी देतात त्याचं. तांड्यावर टँकर येत नाही त्याचं. एकूण एक आमचीच माणसं. वस्तीतली, तांड्यावरची. काढणारी प्रत्येक वेळी मी.

मग बाहेर येऊन जे राहिलं होतं ते बघितलं. 'आपल्या समाजाचा वधू-वर मेळावा.' 'नव्या जिल्ह्यात पहिला कलेक्टर आपल्या समाजाचा बसावा.' हे कोणी काढायला सांगितलं नव्हतं. मलाही खटकलं नव्हतं. उलट त्याखाली मी हात जोडल्याची खूण टाकली होती.

त्यांची जात म्हणजे समाज. आमचं पाणी म्हणजे जात.

अंगाचा नुसता भडका उडाला. राग त्यांच्यावर होता तितकाच माझ्यावर. मी अडगळीतलं सगळं बाहेर काढलं, ज्याचं त्याच्या जागी लावलं. तिसरा नियम पुसला आणि तिथं नवा लिहिला. जो हटवेल, त्यानं नाव आणि कारण सगळ्यांना दिसेल असं लिहायचं. त्यासाठी नोंदीचं पान उघडलं. पहिली नोंद माझी. हटवणारी, मी. कारण, मी भ्याले.

मग घरी जाऊन वहिनीला सांगितलं. "नेट गेलं नव्हतं. मी पुसलं."

तिनं घागर खाली ठेवली. शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला वाटलं, आपली वन्सं हाय तिथं," एवढंच म्हणाली.

अण्णा दुसऱ्या दिवशी दुकानात आले. बसले नाहीत.

"पासवर्ड दे."

"एकटीकडं नाही तो आता, अण्णा. तिघींकडं आहे." खरंच होतं. सकाळीच वहिनीला आणि तांड्यावरच्या एका मास्तरणीला किल्ली दिली होती.

"तुला आपलं मानलं अन् तू जात काढायलीस?"

मी भ्यालेली होतेच. ते लपवून काय करू? पण तोंड उघडलं.

"मी काढली नाही, अण्णा. ती आडावरच बसलेली होती. मी फक्त झाकत होते. आता झाकणार नाही."

"गाळा रिकामा कर."

"करते."

संध्याकाळपर्यंत दुकानातलं कॉम्प्युटर-प्रिंटर भावाच्या पडवीत आलं. समितीनं दुसरा फोरम काढला. तिथं सकाळ-संध्याकाळ शुभेच्छा असतात आणि फुलांची चित्रं. आमच्या फोरमवर निम्मी माणसं उरली. गाव आमच्याशी धड बोलत नव्हतं. आम्ही तहसीलला तक्रार दिली, टँकर आठ दिवस वस्तीच्या टाकीशी थांबला. नवव्या दिवशी पुन्हा आडाकडं वळला.

वहिनी रोज एक ओळ लिहायची. 'आज आला.' 'आज न्हाई आला.' 'आज बी न्हाई.' मधला एक दिवस तिनं सोडला नाही. तक्रारीच्या पुढच्या प्रत्येक अर्जाला आम्ही त्याच ओळी जोडल्या.

मुलांनी विचारलं, "ताई, ती पहिली नोंद अजून का ठेवलीय? तुमचीच बदनामी."

ठेवलीय. राहणार. फोरम चालवणाऱ्यानं आधी स्वतःची अडगळ उघडायची असते, मग लोकांना नियम सांगायचे. जिल्हा होईल तेव्हा होईल. त्याच्या नकाशावर आमची टाकी असो-नसो, तिची जागा दाखवणारी वहिनीची ओळ फोरमवर आहे, आणि ती आता अडगळीत जाणार नाही. यापुढं मला कोणी 'पूस' म्हटलं, तर नोंदीच्या पानावर त्याचं नाव चढेल. माझं पुन्हा चढणार नाही.