श्वास काढून घेतला

हुमनाबादच्या बसस्टँडमागं टायरच्या दुकानावर एक खोली आहे. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात. तिला स्टुडिओ म्हणतात. आमच्याकडं प्रत्येक लग्नात वाजणाऱ्या त्या प्रेमगीतातला बाईचा आवाज माझा आहे, आणि तो तिथंच घेतला.

मी संतपूरची, भजनात गाणारी. सोबत जाऊबाई होत्या. ज्याच्याबरोबर गाणं, तो गायक आदल्या दिवशीच आपल्या ओळी गाऊन गेला होता. माईकच्या स्पंजला त्याच्या गुटख्याचा वास मारत होता. त्याला तोंड लावून 'राया' म्हणायचं!  मी जरा मागं सरकले तर रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "अक्का, जवळून गा की. प्रेमाचं गाणं हाय, आरती न्हाई."

उन्हाळ्याचे दिवस, आणि आवाज येतो म्हणून पंखा बंद. चौथ्यांदा कडवं संपल्यावर मी घटाघटा पाणी प्याले आणि 'हाऽ' करून श्वास सोडला. पुढं विसरूनही गेले.

दोन महिन्यांनी भाचीच्या हळदीत डीजेवर गाणं लागलं. तो 'जवळ ये' म्हणतो आणि लगेच माझा तो श्वास. दर ओळीला. पोरं तेवढ्यावरच शिट्ट्या मारत होती, तसा आवाज काढून दाखवत होती. अंगावर कुणी थुंकल्यासारखं झालं. मी न्हाणीत जाऊन ओकले.

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंना घेऊन स्टुडिओ गाठला. गायकही बसला होता. त्याचं तोंड तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"ते काढा," मी म्हणाले. "मी पाणी प्याले होते."

रेकॉर्डिंगवाला हसला. "अक्का, त्याच्यावरच तर गाणं चालायलंय. कामून मनाला लावून घ्यायलाव?"

"पुढच्या गाण्यात अजून दोन-तीन टाकू," गायक म्हणाला आणि बाटलीत पचकन थुंकला.

"तुमच्या घरच्या बाईचा टाका की!" जाऊबाई कडाडल्या.

 मग आमच्यासमोरच रेकॉर्डिंगवाल्यानं तो श्वास गाण्यातून काढून टाकला आणि बिनश्वासाचं गाणं मोबाईलवर परत चढवलं. पण ते कुणीच वाजवत नाही. ढाब्यांवर, जीपमध्ये जुनंच चालू आहे. पुढचं गाणं त्यांनी दुसऱ्या बाईकडून गाऊन घेतलं.

नवरा म्हणतो, "जाऊ दे की. तूच हायस म्हणून कुणाला ठावं हाय?"

"मला ठावं हाय," मी म्हणाले.

 तो भाकरी मोडून जेवत राहिला. मला त्याचीही किळस आली.