काठाला लागलेलं पाणी

मे महिन्यात दोन्ही नणंदा लेकरांना घेऊन तुळजापूरला आल्या आणि मला ॲपल पाय करायची हुक्की आली. हैदराबादला शाळेतल्या मिशनरी बाईंच्या घरी मी तो खाल्ला होता, करताना पाहिलाही होता. पण इथं सफरचंद आजाऱ्याच्या उशाशीसुद्धा दिसायचं नाही. मग म्हटलं, कैरी आहे की.

खरं कारण वेगळंच होतं. घरात यजमानांच्या विधवा आत्याबाई होत्या, कडक सोवळ्याच्या. मी हैदराबादेत शिकलेली, कुणाकुणाच्या घरचं खाल्लेली, म्हणून लग्नापासून त्यांनी माझ्या हातचा घास घेतला नव्हता. प्रवासाला नेतात ती दुधात मळलेली दशमी तेवढी त्यांना चालायची, कारण तिला पाणी लागत नाही. तीही सासूबाईंच्या हातची. मला ते लई लागायचं. आता दुधातच कणिक मळते, मग बघते कशा नाही म्हणतात, असा मी हट्टच धरला. त्यांना तसं सांगितलंही. त्या नुसतं 'बघू' म्हणाल्या.

सोवळं नेसून मी दुधातुपात कणिक मळली, कैरीच्या फोडी गुळात परतल्या, थाळीत पारी पसरून सारण भरलं, वर दुसरी पारी घालून काठ मिटला. कढईत वाळू तापवून त्यावर थाळी ठेवली, वर झाकण, झाकणावर निखारे. आणि तिथून माझं जे सुरू झालं! झाकण उचल, बघ, ठेव, परत उचल. घामानं सोवळं अंगाला चिकटलेलं. धाकटी नणंद म्हणाली, वहिनी, जरा बूड टेका की, तो काय पळून जातोय?

बूड टेकलं आणि आठवलं. काठ मिटत नव्हता, तेव्हा करंजीला फिरवतो तसं पाण्याचं बोट मी फिरवलं होतं. हातानं आपलं सवयीनं केलं होतं! पाहिलं कुणीच नव्हतं. गप्प बसावं तर आत्याबाईंचं सोवळं मी मोडणार, बोलावं तर वर्षभराची आशा गेली. चुलीपाशी नुसती येरझारा घालत राहिले.

थाळी उतरवली तर खरपूस वास घरभर. लेकरं धावली. आणि लग्नानंतर पहिल्यांदाच आत्याबाईंनी वाढून घ्यायला आपलं पान माझ्यापुढं सरकवलं.

"आत्याबाई, थांबा," मी म्हटलं. "काठाला पाण्याचं बोट लागलंय माझं."

सासूबाईंनी डोळे वटारले. हात दाखवून अवलक्षण, असं मोठी नणंद पुटपुटली. मला रडूच फुटलं. आत्याबाई थाळीकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं.

"काठ लेकरांना दे," त्या म्हणाल्या. "मला मधलं वाढ."