मवाबाचा उकिरडा

मी शिकलो तो शेवंताबाईंमुळे. तालुक्याच्या आमच्या गावी त्या बायबलबाई होत्या. घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवायच्या. गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीतला पहिला पदवीधर म्हणून त्यांनी मला घडवलं, पुण्याच्या धर्मशास्त्र विद्यालयात पाठवलं. म्हणाल्या, "आपल्याच मंडळीचा, आपल्या चर्चचा पाळक होऊन ये."

पुण्यात सर बायबलातलं यशया संदेष्ट्याचं पुस्तक शिकवत होते. मिसर, बाबेल, अदोम, मवाब. परक्या राष्ट्रांच्या नाशाची भाकितं. उकिरड्यात पेंढा तुडवतात तसा मवाब तुडवला जाईल, इथे ते थांबले.

"उकिरडा कोणी जवळून पाहिलाय?"

वर्ग माझ्याकडे वळला. सरांचे पणजोबा ब्राह्मणाचे ख्रिस्ती झालेले. हे आम्हाला वरचेवर ऐकावं लागे.

मी उभा राहिलो. विचारलं की उत्तर द्यायचं, एवढंच मला माहीत. शेण कसं कुजतं, पेंढा कसा काळा पडतो, सगळं सांगितलं. आमचं घर उकिरड्याला लागून आहे, हेही.

"वा. साक्षात मवाबच बोलला," सर म्हणाले. "बसा."

सगळे हसले. मीही हसलो. ते अजून सलतं.

मग खाणावळीतही तेच. "मवाबाला आमटी वाढा रे."

सराव-प्रवचनाला सरांनी मला मुद्दाम विषय दिला: मवाबाचा नाश. ते अध्याय मी पुन्हा पुन्हा वाचले. नाश सांगता सांगता संदेष्टाच मवाबासाठी रडतो. त्याचं काळीज तुटतं. वर्गात सरांनी नेमकं तेवढंच गाळलं होतं.

मी तेवढ्यावरच बोललो. म्हणालो, परक्यासाठी ज्याला रडू येत नाही, त्याने त्याचा नाश वाचू नये.

"अहो, विषय नाश होता. ही रडारड आपण कुठून आणलीत?"

"यशयातून, सर."

या वेळी कोणी हसलं नाही.

"पुन्हा तयार करून आणा. नाहीतर मंडळीसाठी शिफारस मिळणार नाही."

"नाही आणणार, सर."

दुसऱ्या दिवशी स्वारगेटच्या पोस्टात जाऊन शेवंताबाईंना पत्र टाकलं:

"बाई, सलाम. शिफारस मिळाली नाही. मी पाळक होऊन येणार असं तुम्ही सगळ्यांना सांगून ठेवलंय. आता खरं ते सांगा. इथे मला मवाब म्हणतात. म्हणू देत. पण त्यांच्या व्यासपीठावरून माझाच नाश मी वाचणार नाही. रविवारी येतोय. आपल्या उकिरड्याशेजारी उभा राहून तेच प्रवचन करीन. शिफारशीशिवाय. एक शब्द न बदलता."