चाकांवरचं बिऱ्हाड आणि कोपरची भरती

कचेरीतून निवृत्त झालो त्या दिवशी साहेबांनी हार घातला, आणि घरी आलो तर माझ्या खोलीत पुतण्याच्या बायकोचं बाळंतपण मांडलेलं. आमचं ठाण्यातलं घर एकत्र. सगळी मिळून अठरा माणसं आणि मी एकोणिसावा. महिनाभर मी ओसरीच्या कोपऱ्यात बसून काढला. कोणी मी बसलेला पाट मागे, कोणी माझ्याच डोक्यावर धोतर वाळत घाली. तीस वर्षं मी तालुक्यातल्या गावांची दप्तरं नकलून काढली होती. कोन, कोपर, ठाकुर्ली, डोंबिवली ही नावं हजारदा लिहिली, पण त्यातलं एकही गाव पाहिलं नव्हतं. एका दुपारी ओसरीवर सुपातले पोहे पाखडून झाले, सगळा कोंडा माझ्या अंगावर आला, आणि मी ठरवलं की आता घर सोडून बैलगाडीतच राहायचं. यात्रा नाही, चार दिवसांची सहल नाही. बिऱ्हाडच चाकांवर.

आमची आक्का, म्हणजे माझी थोरली विधवा बहीण, घराची खरी मालकीण. तिनं ऐकलं आणि हातातली वात तशीच धरून म्हणाली, "लोक म्हातारपणी काशीला जातात, हा कोपरला निघाला!"

"आणि ही?" तिनं स्वयंपाकघराकडे मान केली.

आतून आमच्या कुटुंबाचा, म्हणजे बायकोचा, आवाज आला, "आक्का, यांना म्हणावं, पोळपाट घ्यायचा की नाही तेवढं आधी सांगा."

म्हणजे ती येणार होती. मी गारच पडलो, कारण मी तिला अजून विचारलंच नव्हतं.

ज्यांना असं काही करायचं आहे त्यांच्यासाठी गाडीबद्दल चार गोष्टी आधी सांगतो. टेंभी नाक्याजवळच्या सुताराकडून मी खटारा नीट करून घेतला. वर बांबूच्या तट्ट्याचं छप्पर, त्यावर डांबर लावलेलं किंतान. आत फळ्यांचा पलंग आणि त्याखाली सामान. इथवर ठीक. पण मी हौसेनं लिहायचं मेज, पुस्तकांची फडताळं आणि पिकदाणी ठेवायला गोल भोकाची फळीही करून घेतली. मेज मुंब्र्याच्या डोंगराचं पहिलं दर्शन होण्याआधीच एका शेतकऱ्याला देऊन टाकलं. त्याच्या कोंबड्या आता त्यावर बसतात. फडताळातली पुस्तकं पहिल्या खड्ड्यात माझ्या पाठीवर आली. तेव्हा गाडीत भिंतीला काहीही लावू नका. जे लटकतं ते टिकतं, जे ठेवलेलं असतं ते पडतं. पाण्याची घागर तांब्याची घ्या आणि खाली आसाजवळ दोरीनं बांधा, मातीची घागर पहिल्या कोसात फुटते. मुंग्यांसाठी मुक्कामाला चारही बाजूंनी राखेची रेघ ओढा. आणि बैल स्वतःचे घेऊ नका, बैलवाल्यासकट भाड्यानं घ्या.

आमचा बैलवाला हिरू, कळव्याकडचा आगरी. चाळिशीचा, कमी बोलणारा आणि जे बोलेल ते बैलांना उद्देशून बोलणारा.

मार्गशीर्षात निघालो. खाडी ओलांडायला गाड्या नेणारी सपाट होडी होती. नावाड्यानं आमच्या गाडीभोवती दोनदा फेरी मारली. आत पाहिलं तर टांगलेली कढई, मातीची चूल, उशा, तुळशीचा डबा.

"ही गाडी का घर?" त्यानं विचारलं.

"गाडी," मी म्हणालो.

"मंग आत चूल कशाला?"

मी त्याला निवृत्तिवेतन, वानप्रस्थाश्रम आणि मोकळी हवा यांबद्दल समजावून सांगितलं. तो शेवटपर्यंत शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, "गाडीचं भाडं घेतो. घराचा भाव आमच्याकडं नाय." आणि बैल आधी चढवायचे की गाडी, यावर तो आणि हिरू भरती ओसरायला लागेपर्यंत भांडले.

पलीकडे भिवंडीच्या बाजूनं रस्ता मोकळा आणि सावलीचा. पण मला वेगळीच अडचण कळली. एकतीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघं दिवसाउजेडी एका जागी कधी बसलोच नव्हतो. घरात मोठी माणसं, त्यांच्यापुढे नवराबायकोनं बोलायचं नाही, ही रीत. जे बोलायचं ते आक्काच्या नाहीतर पोरांच्या तोंडून. आता समोरासमोर दोन हातांवर बसलोय आणि बोलायचं कसं, हे दोघांनाही माहीत नाही. तिनं वाट काढली.

"हिरूदादा, यांना विचारा, मिठाचा डबा कुठं ठेवलाय?"

मी म्हणालो, "हिरू, सांग, माझ्या पागोट्याच्या पेटीत आहे."

"हिरूदादा, विचारा, पागोट्याच्या पेटीत मीठ कुणी ठेवायला सांगितलं होतं?"

असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी कोनच्या अलीकडे हिरूनं बैल थांबवले आणि मागे न वळताच म्हणाला, "नाना, मी एक तं बैल हाकीन, नाय तं तुमचा संसार. दोनी नाय जमत."

त्या दुपारी तिनं चूल मांडली, भात रांधला. मग तिनं माझ्यापुढे ताट सरकवलं आणि बाहेरच्या शेताकडे पाहत म्हणाली, "भात मऊ झालाय." हे तिचं मला उद्देशून उघड्यावर बोललेलं पहिलं वाक्य. भात खरंच मऊ झाला होता.

कोनहून दुसऱ्या होडीनं कल्याणात उतरलो. कल्याणच्या बाजारात चाकांवरचं बिऱ्हाड नेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. छपराची उंची आपल्याला माहीत असते, पण ती दुकानांच्या छपऱ्यांना माहीत नसते. एका तांदळाच्या व्यापाऱ्याची ताडपत्री आमच्या तट्ट्यात अडकली आणि दोन बांबूंसकट आमच्याबरोबर निघाली. व्यापारी मागे धावतोय, बाजार हसतोय, आणि हिरू बैलांना सांगतोय, "चला रं, आपुन कायपन बघितला नाय." ताडपत्री परत करायला मी चालत गेलो, तेव्हा त्या भल्या माणसानं मलाच ताक पाजलं आणि पुढच्या खेपेला बाजाराबाहेरचा तळ्याकाठचा रस्ता धरायला सांगितलं. तोच धरा.

तळ्याच्या काठी आम्ही आठ दिवस राहिलो. पाणी जवळ, पेंढा स्वस्त, सकाळी कोळणी निवट्या-बोयटं घेऊन दारात येतात. दारात म्हणजे गाडीच्या जुवाशी. पण मुक्कामाच्या गाडीला लोक स्वस्थ बसू देत नाहीत. कोणी समजलं जडीबुटीवाले, कोणी समजलं बाहुल्यांचा खेळ. तिसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ गाल धरून आले आणि चाकाजवळ तोंड उघडून बसले.

"मी दात काढत नाही," मी म्हणालो.

"लाजू नका," ते म्हणाले. "फुकट नको मला."

त्यांना काही पटेना. त्यांच्या मागे आणखी दोघे येऊन बसले. शेवटी आतून लवंगेचं तेल लावलेला कापूस आला. म्हाताऱ्यांनी तो दाताखाली धरला, डोळे मिटले, आणि जाताना गावभर सांगितलं की गाडीतल्या बाई फार गुणी, तो गडी मात्र नुसता बडबडतो.

कल्याण सोडताना ती कधी नव्हे ती छपराची झडप वर करून खाडीकडे बघत बसली होती. मी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हे पुढे कळलं.

डोंबिवलीपर्यंत शेतं. भात कापून झालेला, खळ्यांवर मळणी चाललेली. तिथून कोपर. मी नकललेल्या कागदांवर कोपर म्हणजे नुसते गटनंबर आणि नावं. प्रत्यक्षात पाहिलं तर खाडीचं रुंद, चंदेरी पाणी, मिठागरांचे चौकोन आणि पलीकडे निळे डोंगर. पाण्याला लागून एक सपाट, कोरडी, भेगाळलेली जागा होती. मी तिथेच गाडी लावायची ठरवली.

हिरूनं जमिनीकडे पाहिलं. "नाना, इथं पानी येतं."

"एवढं कोरडं आहे."

"उद्या पुनव हाय. भर दुपारचं उधाण येल."

"अरे, भेगा बघ की! महिनाभर पाणी आलं नसेल."

हिरू बैलांशी काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही, पण बैलांनी माना हलवल्या. मग जू उतरवून तो बैल घेऊन वर गावात आपल्या मामाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ती आत आडवी झाली आणि मी बांधावरून मिठागर बघायला गेलो. तिथल्या बायका फावड्यानं मीठ ओढत होत्या. त्यांच्यातल्या वयस्कर बायजीनं मला मिठाच्या जाती समजावल्या. मी वहीत टिपत होतो. लिहून मान वर केली तर बायजी माझ्या मागे बघत होती.

"तुमची गाडी पोवाया शिकली काय?" ती म्हणाली.

पाणी आसापर्यंत आलं होतं. गाडी एका अंगाला कलली होती आणि हळूहळू, एखादी म्हैस उठते तशी, जागची हलत होती. मी धावत बांधाच्या टोकाला आलो.

"अगं!" मी ओरडलो.

मिठागरातल्या सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. गाडीतून काही नाही.

"अगं ए! ऐकलंस का?"

पुन्हा सगळ्या बायकांनी पाहिलं. एकीनं "काय वो?" असं विचारलंही. आत गाढ झोप. मग मी एकतीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. लग्नात मीच ठेवलेलं आणि नंतर एकदाही न उच्चारलेलं तिचं नाव घेऊन बोंब ठोकली. "द्वारका! द्वारका!"

झडप उघडली. तिनं डोकं बाहेर काढलं, सभोवार पाणी पाहिलं, आणि मग माझ्यामागच्या बायकांकडे बघून विचारलं, "कुणाला बोलावताय? द्वारका कोण?"

"तू!"

ती ओठांतल्या ओठांत ते नाव पुटपुटली. घरात तिला कोणी काकू म्हणे, कोणी मामी, कोणी नुसतं अगं. स्वतःचं नाव तिला आठवावं लागलं. तो चेहरा मी विसरणार नाही. मला त्या पाण्याची वाटली नव्हती एवढी भीती त्या चेहऱ्याची वाटली.

मी पागोटं काढलं आणि पाण्यात उतरलो. मला पोहता येत नाही. तिला बाहेर काढायला कोणीतरी जायला हवं, एवढंच डोक्यात होतं. चार पावलं गुडघाभर, पाचवं पाऊल खोल चरात. पाणी नाकातोंडात गेलं. वर आलो, पुन्हा खाली गेलो. पुढचं मला दिसलं ते असं की आमच्या कुटुंबानं लुगड्याचा कासोटा घट्ट खोचला, गाडीच्या कडेवरून सरळ उडी घेतली आणि लांब हात मारत आली. मानगुटीला धरून तिनं मला बांधाला आणून टेकवलं. मी खोकत होतो. ती नुसती धापा टाकत होती.

"तुला पोहता येतं?"

"माहेर कल्याणचं ना माझं," ती म्हणाली. "खाडीच्या काठचं. आता तिथं कोणी उरलं नाही, पण तेव्हा भावांच्या आधी मी पलीकडे जायचे."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

हिरू बैल घेऊन आला, बायकांनी दोर लावले, आणि सगळ्यांनी मिळून गाडी बांधावर ओढली. बायजीनं मला ओल्या धोतरात कुडकुडताना पाहिलं आणि म्हणाली, "बायकोचा नाव घ्याला माणसाला बुरायलाच लागतं." बायका इतक्या हसल्या की दोर सुटता सुटता राहिला. मग त्यांनीच आम्हाला तांदळाच्या भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. चटणी इतकी तिखट की खाडीच्या पाण्याचा गारठा जागच्या जागी निघाला.

तो उरलेला दिवस आम्ही कपडे वाळवत बांधावर बसलो, आणि ती बोलली. भाऊ, तळं, आंब्याच्या झाडावरून मारलेल्या उड्या. तिला माहेरी लाडानं चिमणी म्हणत, हेही मी तेव्हाच ऐकलं. मी ऐकत होतो. इतक्या वर्षांत मी हजार गावांची नावं लिहिली, पण घरातल्या या एका माणसाची काहीच चौकशी केली नव्हती, याची लाज वाटली. तिनं ती ओळखली बहुतेक, कारण मधेच थांबून म्हणाली, "जाऊ दे, पायाला चिखल लागलाय तुमच्या."

त्यानंतर आम्ही कोपर-ठाकुर्लीच्या आसपास दोन महिने काढले. आसाला वंगण, छपराला डांबर, आणि भरतीची वेळ हिरूला विचारायची, एवढं पाळलं तर असं राहणं अवघड नाही. एक मात्र सांगतो, जोडीनं जायचं असेल तर आधी घरी चार दिवस समोरासमोर बसून बघा. ते जमलं तर गाडी जमेल.

फाल्गुनात ऊन वाढलं, तट्टा तापायला लागला, आणि आम्ही ठाण्याला परतलो. घरात अठराचे वीस झाले होते. माझी खोली काही मोकळी झाली नव्हती. पण आता त्याचं फार वाटलं नाही. आक्कानं द्वारकेला परसात नेलं आणि दोघी तासभर बोलत बसल्या. मला वाटलं, माझी तक्रार चाललीय. संध्याकाळी आक्का म्हणाली, "आम्ही दोघी अंबरनाथाला जातोय. हिरूला निरोप धाडलाय."

"मी?"

"तू घर सांभाळ. गाडीत दोघींपुरतीच जागा आहे."

पाच दिवसांपूर्वी पहाटे त्या निघाल्या. आक्का पुढे मांडी घालून, जन्मभर रथात बसल्यासारखी. द्वारकेनं कढई टांगली, घागर बांधली, आणि मला भाताचं माप सांगून गेली. पाच दिवसांत येतो म्हणाल्या होत्या. काल हिरूच्या भावाकडून निरोप आला की बरं चाललंय, आणखी पुढे बदलापूरपर्यंत जाऊन येतो.

तर मी सध्या ओसरीत आहे. कचेरीत असताना तीस वर्षं ती माझी वाट बघायची म्हणे, दाराआडून. ते कसं असतं, मला माहीत नव्हतं. आता रस्त्यावर चाकं वाजली की मी लेखणी ठेवतो आणि दारापर्यंत जाऊन येतो. आज हा चौथ्यांदा उठलो.