ऐंशीव्या मिनिटाला उठलो
आमची मुलगी ऑस्ट्रियातल्या पहिल्या डिव्हिजनच्या एका फुटबॉल क्लबची फिजिओ आहे. जन्म इथला, अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलचा. दोन वर्षांच्या करारावर गेली होती आणि यंदा मे अखेरीस तो संपत होता. क्लब चॅम्पियन झाला तर करार वाढेल, नाहीतर ती घरी येईल, असं मी धरून चाललो होतो. म्हणून सबंध सीझन क्लब जिंकत सुटलेला असताना, तो हरावा म्हणून मी देव पाण्यात ठेवून बसलो होतो. बापाला हे शोभत नाही, ठाऊक आहे.

मार्चमध्ये जरा आशा वाटली. तिथे पहिला टप्पा संपला की सगळ्या संघांचे गुण निम्मे करतात. आमची आठ गुणांची आघाडी एका दिवसात चारवर आली. पंचवीस वर्षं आयटीत काढली, पण इतकी विक्षिप्त रिक्वायरमेंट एकाही क्लायंटने दिली नव्हती. मला मात्र ती फार आवडली.

पुढे तीही आटत गेली आणि शेवटच्या मॅचला जिंकणं भाग होतं. बरोबरी झाली तर कप दुसऱ्यांचा. रविवारी सकाळी अकराला आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो. क्रिकेट बघतानाचा माहेरचा नियम बायकोने इथेही लावला: आपली बाजू वरचढ असताना कुणी जागचं हलायचं नाही. पोहे बशीत गार झाले. एक-शून्य. ऐंशी मिनिटं झाली, तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

ते सोडवून मी उठलो. "पाणी आणतो."

"अहो, बसा ना. दहा मिनिटं राहिलीयेत फक्त."

मी किचनमध्ये जाऊन नळ सोडला. परत आलो तर एक-एक. कॅमेरा बाकावर गेला. तिथे आमची पोर तोंडावर टॉवेल दाबून बसली होती. माझ्या उठण्याने गोल होत नसतो, एवढी अक्कल मला आहे. पण मी कशासाठी उठलो, हेही मला माहीत होतं. गुपचूप जागेवर बसलो आणि सीझनमध्ये पहिल्यांदाच त्यांच्यासाठी हात जोडले. अगदी शेवटी, कॉर्नरवर, आमचा गोल झाला. बायको रडायला लागली. मीही.

तासाभराने व्हिडिओ कॉल आला. मुलीचे केस बिअरने निथळत होते.

"पाहिलंत ना?"

"पाहिलं. आता करार वाढेल तुझा," मी आवाज शक्य तितका सरळ ठेवून म्हणालो.

तिने कपाळावरची बिअर बाहीने पुसली. मग म्हणाली, "बाबा, अ‍ॅक्च्युअली मी जानेवारीतच साइन केलं. तीन वर्षांसाठी. आय डिडन्ट नो हाऊ टु टेल यू."

"आईला?"

"आईला माहितीये."

मी शेजारी पाहिलं. बायको पोह्यांच्या बशा गोळा करत होती, वर बघायला तयार नव्हती. मला राग आला नाही. आपल्याच घरातल्या दोघी पाच महिने आपल्याला सांगायला घाबरत होत्या, याची लाज वाटली.