पंगतीतला व्यंकटीमामा

सोनपेठच्या पंचक्रोशीत लग्न निघालं की व्यंकटीमामाला निरोप ठरलेला. सोयरा म्हणून नव्हे, खाणारा म्हणून. एका बैठकीत चाळीस जिलब्या रिचवणारा हा माणूस पानावर बसला की भोवती कोंडाळं जमायचं. "मामा, अजून पाच!" असा कल्ला उठायचा. बायको दैवशाला वारून अकरा वर्षं झालेली, पोटी मूल नव्हतं. पंगत उठली की मामा एसटीनं एकटाच परतायचा आणि दाराचं कुलूप काढायचा.

गेल्या उन्हाळ्यात एका मांडवातच तो छाती धरून खाली बसला. परभणीला नेऊन काळजाच्या नळीत स्प्रिंग बसवली. वजन भरलं एकशे सहा किलो. "वीस तरी उतरवा," डॉक्टरांनी बजावलं. सहा महिन्यांत किलोभरही हललं नाही. मग डॉक्टरांनी त्याला समुपदेशक माधवीताईंकडे धाडलं.

मामा बोलणी खायच्या तयारीनंच बसला. ताईंनी विचारलं, "काका, खाणं कमी केलं तर तुमचं काय जाईल?"

मामानं टोपी चाचपली. "माणसं जातील, ताई. मी खातो म्हणून तर बोलवायलेत. घरी एकट्याला एक भाकर जात न्हाई."

"आणि नाही केलं तर?"

"तर मीच जाईन." तो हसला.

ताईंनी विचारलं, "मग यातलं काय जमेल? तुम्हीच सांगा."

"लग्नाला जाईन. पण एकदाच वाढून घेईन."

पुढल्याच हप्त्यात दत्तरावांच्या लेकीचं लग्न होतं. जिलबीचं ताट आलं तसा मामानं पानावर हात आडवा धरला.

"मामा, रुसले की काय?"

"न्हाई बाबा. झालं माझं."

लोक क्षणभर घुटमळले, मग दुसऱ्या टोकाला सरकले. तिथं कुणीतरी गुलाबजामाची पैज लावली होती. मामानं वरणभात सावकाश संपवला. त्याच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

यंदाच्या लगनसराईत त्याला तीनच निरोप आले. वजन मात्र बारा किलोनं उतरलंय. सकाळी तो गोदावरीच्या घाटापर्यंत चालत जातो, पायऱ्या न थांबता चढतो.

महिन्यातून एकदा माधवीताईंचा फोन येतो. गोळ्या, वजन, झोप, सगळं विचारून झालं की त्या "ठेवू का?" म्हणतात. तेव्हा मामा घाईघाईनं विचारतो, "तिकडं ऊन कसं हाय, ताई? इकडं तर लय तापायलंय."